माइकची तार आणि मुलांचा आवाज



गेल्या स्नेहसंमेलनांतील एक प्रसंग माझ्या मनांतून अद्यापि जात नाहीं. आठवीच्या वर्गांतील एका मुलीस कवितावाचनासाठीं पुकारण्यांत आलें. ती चाकांच्या खुर्चींत बसते. व्यासपीठास पांच पायऱ्या, आणि माइक वर, तारेनें ॲम्प्लिफायरला जखडलेला. तार खालपर्यंत पुरेना. अखेरीस तिनें आपली कविता खालींच, माइकावांचून म्हटली. पुढल्या दोन ओळींस ती ऐकूं गेली. तिचे वडील बोइसरच्या कारखान्यांतील पाळी संपवून धांवत आले होते व मागें दाराशीं उभे होते; त्यांच्या कानीं एक शब्दहि पडला नाहीं. कोणाचा आवाज कोठवर जावा, हें त्या दिवशीं दहा हात तारेनें ठरविलें!

यावर कित्येकांनीं सुचविलें कीं, जुना माइक टाकून नवा बिनतारी संच घ्यावा. सूचना सद्भावाची आहे. तथापि माझें मत निराळें आहे. चांगला चालणारा माइक टाकूं नये; त्यालाच बिनतारी करावें.

तें कसें, हें सांगतों. आपला माइक डायनॅमिक जातीचा आहे. आपण बोलूं लागलों म्हणजे त्यांतील पातळ पडदा हालतो, पडद्यास जोडलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत मागें-पुढें होतें, आणि त्यांत अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते. हें काम तो आजहि चोख करतो. त्याच्या बुडाशीं तीन पिनांचें तोंड आहे. तेथें तारेऐवजीं मुठींत मावणारा ट्रान्समीटर बसवावयाचा. तो त्या विजेचें रेडिओलहरींत रूपांतर करतो. ॲम्प्लिफायरशीं जोडलेला रिसीव्हर त्या लहरी टिपून पुन्हां वीज करतो. तार गेली, माइक राहिला! कंडेन्सर जातीच्या माइकला मात्र बहुधा ४८ व्होल्टपर्यंत दाब पुरवावा लागतो. त्यास ती सोय असलेलाच ट्रान्समीटर हवा.

कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. अशीं पुष्कळ यंत्रें २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्या पट्ट्यांत अल्पशक्तीच्या यंत्रांस भारतांत परवाना लागत नाहीं. परंतु वाय-फायहि तेथेंच असतें, आणि मनुष्यदेहांतील पाणी या लहरी शोषून घेतें. म्हणून रिसीव्हर गर्दीमागें न लपवितां उंचावर, माइकच्या नजरेसमोर ठेवावा. त्याचा आवाज प्रथम कमी ठेवून हळूहळू वाढवावा, नाहींतर शब्द फाटतात. समुद्राकडील आपल्या खाऱ्या हवेंत पिना गंजतात. त्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या. आणि बॅटरी आदल्या रात्रींच भरावी. तारेला बॅटरी लागत नाहीं, हा तिचा मोठाच गुण. म्हणून तारहि गुंडाळून कपाटांत जपून ठेवावी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचें इतकें काय कौतुक? पालघरच्या हुतात्मा स्तंभाजवळून आपण नित्य जातों. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं येथें पांच जण हुतात्मे झाले. त्याच महिन्यांत मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. लोकांचा आवाज लोकांपर्यंत पोहोंचूं नये अशी सत्तेची धडपड असतां तो बिनतारी लहरींनीं भिंती ओलांडून नेला. आज तसली सत्ता नाहीं. परंतु पांच पायऱ्या आणि आंखूड तार, ह्याहि एका मुलीपुढें भिंतीच होत. त्या कोणी हेतुतः उभारल्या नाहींत, हें खरें. म्हणून त्या आपोआप पडतील असें मात्र नव्हे.

माझी विनंति एवढीच. या माइकची जबाबदारी नववीच्या चार मुलामुलींवर सोंपवावी, आणि बोइसर-तारापुरास विजेचें काम करणाऱ्या पालकांनीं एका शनिवारीं येऊन तें त्यांस शिकवावें. पुढील संमेलनांत पहिली कविता त्या मुलीची असावी. तिच्या वडिलांनीं खुशाल दाराशींच उभें राहावें. या वेळीं त्यांस प्रत्येक शब्द ऐकूं आला पाहिजे.