स्टार्चचे जेल: धानानंतरच्या हरभऱ्याला किती कामाचे?

चिचगड (ता. देवरी) परिसरात धान निघाल्यावर बांधीतल्या उरलेल्या ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस घेतात. ही ओल टिकवण्यासाठी ‘स्टार्चपासून बनलेले’ पाणी धरणारे दाणे, म्हणजे हायड्रोजेल, बाजारात मिळतात. खरेदीपूर्वी हिशेब करा.

खुंटावर कलम बांधावे तशी स्टार्चवर ॲक्रिलिक पॉलिमरची साखळी जोडली जाते. अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून असा ‘सुपर स्लर्पर’ बनवला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा हायड्रोजेल’ही याच तत्त्वावरचे, पण सेल्युलोजपासूनचे आहे.

पुसा जेल वजनाच्या ३५० ते ४०० पट शुद्ध पाणी शोषते. शिफारस एकरी १ ते २ किलो. म्हणजे २ किलोत एका वेळी फार तर ८०० लिटर. जमिनीतील क्षारांमुळे त्याहून कमी. पाच सेंटिमीटरच्या एका पाळीला मात्र एकरी सुमारे २ लाख लिटर लागतात. त्यामुळे जेल पाळीची जागा घेत नाही. ते बियाण्याजवळ पडले, तरच उगवणीला आधार मिळतो.

काय करावे?
- हरभरा ओळीत पेरत असाल, तर जेल कोरड्या बारीक मातीत मिसळून बियाण्याच्या ओळीतच द्या.
- उतेऱ्यात बी उभ्या धानात फेकतात. तिथे जेल वरच राहते, खर्च टाळा.
- ‘नैसर्गिक’ शब्दावर जाऊ नका. स्टार्च जिवाणू खातात. कृत्रिम साखळी सहज कुजत नाही.
- आधी एकाच बांधीत वापरा, शेजारची बांधी बिनजेलची ठेवून उतारा ताडून पाहा.

बोडीत पाणी असेल, तर फुलोऱ्यापूर्वीची एक पाळी पहिली, जेल त्यानंतर.