नेरळमध्ये ज्या शब्दावरून वाद झाला, त्याच शब्दावर जगभरात ट्रिपा विकल्या जातात. ‘हलाल हॉलिडे’ म्हणजे नक्की काय?

नेरळ स्टेशनवर दोन प्रकारची माणसं उतरतात. एक, लोकलमध्ये चेंगरून घरी येणारी आमच्यासारखी. दुसरी, बॅगा आणि पोरंबाळं घेऊन माथेरानला निघालेली.

या दुसऱ्या मंडळींसाठी जी टॉय ट्रेन आहे, ती बांधली अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी. मुंबईतले बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे ते चिरंजीव. 1904 ला काम सुरू झालं, 1907 ला गाडी धावली आणि खर्च आला सुमारे 16 लाख रुपये. थोडक्यात, आमच्या गावाला सुट्टीच्या नकाशावर पक्कं बसवलं ते एका मुस्लिम कुटुंबाच्या पैशाने.

वर माथेरानला पोहोचलात की बोर्ड दिसतात. ‘शुद्ध शाकाहारी’, ‘जैन जेवण मिळेल’. आजवर हे बोर्ड वाचून कुणाच्या भुवया वर गेलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. गिऱ्हाईकाला काय हवंय ते हॉटेलवाला सांगतोय, एवढाच त्याचा अर्थ.

पण 2025 च्या सप्टेंबरमध्ये असाच एक शब्द नेरळमध्ये आला आणि थेट राष्ट्रीय बातमी झाली. तो शब्द होता ‘हलाल’.

तेव्हा झालं काय होतं?

नेरळजवळच्या एका गृहप्रकल्पाची व्हिडिओ जाहिरात व्हायरल झाली. ‘हलाल लाइफस्टाइल’, आपल्यासारख्या विचारांची कुटुंबं शेजारी, नमाजाची सोय चार पावलांवर, असं त्यात सांगितलं होतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे सदस्य प्रियांक कानूनगो यांनी तो व्हिडिओ शेअर केला, हे म्हणजे राष्ट्राच्या आत वेगळं राष्ट्र आहे अशी टीका केली आणि राज्य सरकारला नोटीस काढल्याचं सांगितलं. मग राजकीय पक्ष उतरले, चॅनलवाले आले आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

त्याच दिवसांत कर्जत लोकलमधली माझी एक मैत्रीण हिवाळ्याच्या ट्रिपचं प्लॅनिंग करत होती. तिचे अब्बा 90 च्या दशकात काही वर्षं शारजाला ड्रायव्हर होते. शहरात राहिले, पण पाहिलं काय? वर्कशॉप, रस्ता आणि आठ जणांची खोली. आता अम्मीला घेऊन तेच शहर पाहुणा म्हणून बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. ती म्हणाली, “हलाल पॅकेज कुठलं चांगलं, असं ऑफिसच्या ग्रुपवर विचारणार होते. टाईप केलं आणि खोडलं.”

म्हणून म्हटलं, हा विषय नीट समजून घेऊ.

हलाल टुरिझम म्हणजे काय?

हलाल म्हणजे धर्माने परवानगी दिलेलं. आपल्याला हा शब्द मटणाच्या दुकानावरून माहितीये, पण प्रवासाच्या धंद्यात त्याचा अर्थ म्हणजे सोयींची एक यादी. हलाल जेवण, खोलीत किब्ल्याची म्हणजे मक्केची दिशा दाखवणारी खूण, जवळ मशीद, दारू न मिळणारं हॉटेल, बायकांसाठी स्विमिंग पूलची वेगळी वेळ आणि रमजानमध्ये पहाटे सहरीची व्यवस्था. यातल्या थोड्याच सोयी असतील तर त्याला बहुतेक वेळा ‘मुस्लिम-फ्रेंडली’ म्हणतात.

हा बाजार फक्त मुस्लिम देशांचा नाही. मास्टरकार्ड आणि क्रेसेंटरेटिंग 2015 पासून या प्रवासाचा जागतिक निर्देशांक काढतात. मलेशिया त्यात वर्षानुवर्षं वर असतो, पण सिंगापूर, थायलंड, जपान, तैवान हेही या पर्यटकांसाठी धडपडतात. जपानसारख्या देशात विमानतळावर नमाजाची खोली असते, ती गिऱ्हाईक यावं म्हणून.

आणि आपल्याला यात नवीन काय आहे? मराठी टूर कंपन्या युरोपात वरण-भात खाऊ घालतात. गुजराती ग्रुपसोबत महाराज जातो. सुट्टीत माणसाला नवं शहर हवं असतं, पण ताटात काय येईल याची धास्ती नको असते.

मग आखाती शहरात हे लेबल कशाला?

इथेच खरी गंमत आहे. थायलंडला किंवा युरोपात ‘हलाल’ लेबलचा उपयोग होतो, कारण तिथे ही सोय शोधावी लागते. यूएईत हॉटेलातलं मटण-चिकन एरवीही हलालच असतं आणि मॉलमध्ये नमाजाची खोली असते. म्हणजे कुणी ‘स्पेशल हलाल पॅकेज’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर जे तिथे फुकट मिळतं त्याचेच तो पैसे घेतोय का, हे आधी तपासा.

फरक पडतो तो शहरानुसार. दुबईतल्या अनेक हॉटेलांत बार असतो. शेजारच्या शारजात दारूबंदी आहे, तीही 1980 च्या दशकापासून. तेव्हा शांत कौटुंबिक वातावरण हवं असेल, तर लेबल शोधण्याऐवजी शहरच बदललं की अर्धं काम होतं.

शारजाच का?

मराठी माणसाला शारजा म्हटलं की एकच गोष्ट आठवते. 22 एप्रिल 1998, वाळूचं वादळ आणि सचिनच्या 143 धावा. दोनच दिवसांनी, वाढदिवसाला, फायनलमध्ये 134. पण त्याच 1998 मध्ये शारजाला अरब जगताची सांस्कृतिक राजधानी म्हणूनही मान मिळाला होता. 2019 मध्ये ते युनेस्कोचं जागतिक पुस्तक राजधानीचं शहर झालं. 1972 पासून सत्तेवर असलेले तिथले शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी हे स्वतः इतिहासात पीएचडी आहेत आणि दुबईने टॉवर बांधले तेव्हा त्यांनी संग्रहालयांवर जोर दिला.

बघण्यासारखं काय?

- इस्लामी संस्कृतीचं संग्रहालय: जुन्या बाजाराच्या इमारतीत आहे. खगोलशास्त्राची उपकरणं, नाणी, हस्तलिखितं, सगळं एका ठिकाणी.
- अल महट्टा संग्रहालय: 1932 मध्ये ब्रिटनहून भारताकडे येणारी विमानं इथे थांबायची. ती जुनी धावपट्टी आता शहरातला रस्ता झालीये.
- अल नूर मशीद: ऑटोमन धाटणीची ही मशीद बिगर-मुस्लिम पाहुण्यांनाही आतून बघता येते.
- सूक अल अर्सा आणि ब्लू सूक: जुना बाजार आणि निळ्या टाइल्सचा 1970 च्या दशकातला मोठा बाजार. घासाघीस चालते.

आपलं आणि या भागाचं नातं जुनं आहे. 1959 ते 1966 या काळात तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळा ‘गल्फ रुपी’ छापायची.

प्लॅन करताना काय बघायचं?

1. तारखा: डिसेंबर-जानेवारीत दिवसा 25 अंशांच्या आसपास, म्हणजे फिरायला मस्त. पण रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू होतो, तर 2030 मध्ये दोनदा येईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. रमजानमध्ये संध्याकाळी बाजार फुलतात, पण दिवसा वेळापत्रक बदलतं.
2. शुक्रवार: शारजात 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सरकारी सुट्टी असते. शुक्रवारी संग्रहालयं दुपारनंतर उघडतात. त्या दिवशी सकाळी ठरवलेली सहल फसते.
3. व्हिसा: आधी काढावा लागतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. रिटर्न तिकीट आणि हॉटेल बुकिंग हाताशी ठेवा.
4. बॅग: खसखस नेऊ नका! यूएईत त्यावर बंदी आहे. म्हणजे अनारसे आणि घरचा खसखस घातलेला मसाला दोन्ही घरीच. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली औषधं विनापरवानगी चालत नाहीत.
5. टीसीएस: परदेशी टूर पॅकेजवर कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता होतो, त्यामुळे पावती जपा.
6. दुबईची फेरी: अंतर थोडं आहे, पण दुबई मेट्रो शारजापर्यंत येत नाही आणि संध्याकाळचा ट्रॅफिक बघून कल्याण-शीळ रोड आठवेल.
7. एजंटला विचारा: “हलाल आहे का?” असं विचारलं की उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा, हॉटेलात बार आहे का? बायकांच्या पूलची वेळ कोणती? मशीद चालत किती मिनिटांवर? उत्तरं लेखी घ्या.

मग नेरळचं काय?

यातून वादाकडे बघायला एक सोपी फूटपट्टी मिळते. कुठल्याही लेबलला दोन प्रश्न विचारायचे. आत काय मिळतं? आणि बाहेर कुणाला ठेवलंय?

शारजाच्या हॉटेलला दुसरा प्रश्न विचारला तर उत्तर येतं, कुणालाच नाही. पैसे भरा, खोली घ्या. माथेरानच्या जैन थाळीचंही तेच. घराचं गणित मात्र वेगळं असतं. सुट्टी चार दिवसांची, शेजार आयुष्यभराचा. म्हणून गृहप्रकल्पाला दुसरा प्रश्न विचारणं रास्तच आहे.

फक्त तो सगळ्यांना विचारायला हवा. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम वैध ठरवला होता. मुंबईत मांसाहार करणाऱ्यांना घर न देणाऱ्या इमारती आहेत. मुस्लिम नाव ऐकून भाड्याचं घर नाकारल्याच्या तक्रारी तर कित्येक वर्षांपासून येतायत. जिथे दार बंद होतं तिथला माणूस ‘आपल्यांची’ सोसायटी शोधतो आणि बिल्डर नेमकी तीच गरज विकतो. जाहिरात चुकीची वाटत असेल, तर ती चालते का, हेही बघावं लागेल.

पण घराचा हा प्रश्न एका शब्दावर ढकलला की काय होतं? साधी ट्रिप ठरवणारी मुलगी आपला मेसेज खोडते.

मैत्रिणीचं बुकिंग झालंय. साधं हॉटेल, हलालचं लेबल नाही, मशीद चालत सहा मिनिटांवर. अब्बांनी फक्त एक अट घातलीये. पहिल्या दिवशी गाडी करायची नाही, पायी फिरायचं. तिथले रस्ते त्यांनी आजवर स्टीअरिंगमागूनच पाहिलेत.