विश्लेषण : कामगार सुरक्षा हेल्मेटपुरतीच का उरते?

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट होऊन जीव गेले. असे अपघात रोखणारा सुरक्षा कार्यक्रम नेमका कसा असतो?

कायदा काय सांगतो?

‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी बंधनकारक आहे. धोकादायक प्रक्रिया असल्यास ही मर्यादा २५० आहे. त्याखालच्या कारखान्यांना अधिकारी नेमण्याची सक्ती नसली, तरी कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच.

सुरुवात कुठून करायची?

धोक्यांच्या यादीपासून. प्रत्येक यंत्र, रसायन आणि कामाची पद्धत तपासायची. काय बिघडू शकते, किती जणांना इजा होईल, हे लिहून काढायचे. ही पाहणी त्या यंत्रावर काम करणाऱ्याला सोबत घेऊनच व्हायला हवी.

हेल्मेट शेवटी का?

आधी धोकाच काढून टाकायचा, म्हणजे घातक रसायनाऐवजी सौम्य रसायन वापरायचे. ते शक्य नसेल तर यंत्रात सुधारणा, उदाहरणार्थ हात आत असताना प्रेस चालूच होणार नाही अशी सोय. मग प्रशिक्षण आणि कामाचे नियम. हेल्मेट, हातमोजे ही शेवटची फळी; ती धोका कमी करत नाही, फक्त इजा कमी करते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सुरुवात आणि शेवट तिथेच होतो.

‘थोडक्यात वाचलो’ची नोंद कशाला?

झडप गळाली, पण आग लागली नाही. अशी घटना म्हणजे पुढच्या अपघाताची सूचना. सांगणाऱ्यालाच मेमो मिळणार असेल, तर ती कधीच वर पोहोचत नाही.

कामगाराचा अधिकार काय?

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या लक्षात आणून देण्याचा अधिकार तेव्हा धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांतील कामगारांना मिळाला. नव्या संहितेत तो प्रत्येक आस्थापनेतील कर्मचाऱ्याला आहे. त्याच वेळी निरीक्षकालाही कळवता येते. मालकाला धोका पटला नाही, तर त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे असते.

खरी कसोटी इथेच आहे. आज तक्रार करणाऱ्या कंत्राटी कामगाराला उद्या गेटवरच अडवले गेले, तर भिंतीवरच्या सुरक्षा फलकाला अर्थ उरत नाही.