टाकळ्याला तण कोण म्हणतं?



मागच्या पावसाळ्यात आमच्या पाड्याशेजारचा माळ बघायला एक साहेब आले. कागदावर लिहिलं, ‘पडीक, तण वाढलेले’. साहेब गुडघाभर टाकळ्यात उभे होते. आजी म्हणाली, "भाजीत उभा राहून भाजी नाय म्हणतो."

पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत टाकळा वर येतो. कोवळा खुडायचा. वास उग्र, शहरातली माणसं नाक मुरडतात. आमच्या घरात त्या वासानेच पावसाळा लागतो. आरेतल्या बाया अंधेरी स्टेशनबाहेर त्याचे वाटे लावतात, त्या पैशात पोरांच्या वह्या येतात. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तबेलेवाले त्याला तण म्हणतात. त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण गजकर्णावर पाला हाच. दिवाळीच्या सुमाराला शेंगा वाळतात. दक्षिणेतले रंगारी त्यातलं बी उकडून निळीच्या माठात टाकतात. माठ आंबला की नीळ पाण्यात उतरते, मग कापड ती धरतं. केंद्र सरकारच्या वनउपजांच्या आधारभूत किमतीच्या यादीतही हे बी आहे. एका कागदावर माल, दुसऱ्या कागदावर तण!

ऑक्टोबर 2019 मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पाडली, तीही रात्री. शहरातली पोरं रस्त्यावर आली, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण तेव्हाही मोजली ती झाडंच. झाडाखालची भाजी, कंद कुणाच्या हिशेबात आले?

2006 चा वनहक्क कायदा गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क देतो. कंदमुळं, चारा, रानफळं जिथून आणतो त्या जागा सामूहिक दाव्यात पुरावा म्हणून चालतात. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा चालतो. तरी आपले दावे मी वाचले तर बहुतेकांत एकच मोघम शब्द, ‘वनउपज’. हे मला पटत नाही. कार्यकर्त्यांना घाई असते, मीही तसंच लिहिलं होतं. टाकळा लिहा, कुरडू लिहा, शेवळं लिहा. आपल्या बोलीत जे नाव असेल तेच लिहा. कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या महिन्यात, कोण आणतं, तेही लिहा. नकाशावर खूण करा. आपण नाव घातलं नाही तर साहेब त्याचं नाव घालणार, आणि ते आपण वाचलंच आहे.

आमच्या पाड्यात पहिला जबाब आजीचा घेतला. अडीच पानं झाली. खाली अंगठा आहे.