साखरेची गाळणी चांगली, पण आधी विहिरीचं पाणी तपासा



मक्याच्या स्टार्चपासून बनवलेली पावडर पाण्यातलं विष ओढून घेते, असे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर फिरतायत. खाली कमेंट, "आता खारपाणपट्ट्याचा प्रश्न सुटला." नाही सुटला, भाऊ. नीट समजून घ्या, नाहीतर उद्या कोणीतरी हेच डबे आपल्या गळ्यात मारेल.

आधी खरं काय ते. स्टार्चवर एन्झाइमची क्रिया केली की सायक्लोडेक्स्ट्रिन तयार होतं. त्याच्या एका प्रकारात ग्लुकोजची सात एककं गोल जोडलेली असतात, मधे पोकळी, बिनबुडाच्या पेल्यासारखी. ही पोकळी सेंद्रिय रसायनांना धरून ठेवते. ते पाण्यात विरघळू नये म्हणून ही वलयं एकमेकांना बांधून पॉलिमर करतात. २०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिख्टेल यांच्या गटाने असं पॉलिमर 'नेचर'मध्ये मांडलं. त्यांनी तपासलेल्या रसायनांत मेटोलाक्लोर हे तणनाशकही होतं. मिथेनॉलने धुऊन पॉलिमर पुन्हा वापरता आलं. काम पक्कं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे.

एक, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागात पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं आहे ते विरघळलेल्या क्षारांमुळे. क्षार या पोकळीत अडकत नाहीत. त्याला आरओ लागतो, नाहीतर बाहेरून गोडं पाणी. किडनीच्या आजाराच्या धास्तीत जगणाऱ्या गावांना ही पावडर खाऱ्या पाण्यावरचा इलाज म्हणून विकणं म्हणजे सरळ फसवणूक.

दोन, पाण्यात काय आहे तेच माहीत नसताना गाळणी कशाची? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. हिशोब करा : १ ग्रॅम ॲट्राझिन ५ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेवर नेतं. पुड्यावर ५० टक्के लिहिलं असेल तर दोनच ग्रॅम पावडर. मक्यात फवारून पंप विहिरीच्या काठावर धुणारे आपणच ना? आणि गावातल्या तपासणी किटमध्ये कडकपणा, फ्लोराइड, नायट्रेट कळतं. तणनाशक कळत नाही. अहवालावर "पिण्यायोग्य" लिहिलं की आपण निवांत.

तीन, मिथेनॉलने धुतल्यावर विष नाहीसं होत नाही, मिथेनॉलमध्ये उतरतं. ते ओतायचं कुठं? नाल्यात? मग फिरून आपल्याच विहिरीत. कारखान्यात त्याची सोय होऊ शकते, घरच्या डब्यात नाही.

"नवीन तंत्राला विरोध का?" असं कोणी विचारेल. विरोध नाही. तणनाशकाचा अंश निघाला, तर ही गाळणी नळयोजनेच्या टाकीवर बसवा. देखभाल आणि वापरलेल्या पावडरीची विल्हेवाट योजनेच्या खर्चात धरा. पण शेतकऱ्याने मका स्वस्तात द्यायचा आणि त्याच मक्याचा डबा महागात घरी आणायचा, हे चालणार नाही.

कृषी विभाग आणि केव्हीकेतल्या साहेबांना विनंती : पावसाळ्यात फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसावर आणि पुन्हा उन्हाळ्यात, अशा दोन वेळा विहिरींचे नमुने कीटकनाशक अंशाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

आणि मंडळी, पंप विहिरीपासून लांब, बांधाआत धुवा. धुवण शेतातच फवारून टाका. त्याला कुठली पावडर लागत नाही. येत्या ग्रामसभेत पाणी तपासणीचा ठराव मांडा.