मद्रासच्या गाडीला इंग्लंडचं कुंकू

मंडळी, आजची नोंद भांडणाची आहे. घरातल्यांनी वाचावी म्हणूनच लिहितोय, बाकीच्यांनी हवं तर मजा बघावी.

नानाकाकांची १९६६ची स्टँडर्ड हेरल्ड रामटेकच्या घरी पडवीत ताडपत्रीखाली किती वर्षं उभी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असं ठरलं, वर्गणी झाली, इंजिन नागपूरला गेलं. इथवर उत्तम. पण आता आमच्या पुणेकर चुलतभावांनी इंग्लंडहून चकचकीत अक्षरं मागवली आहेत, 'ट्रायम्फ' अशी. जुनं 'स्टँडर्ड' काढायचं आणि हे लावायचं. का? तर म्हणे हे 'ओरिजिनल' आहे!

अरे बाबांनो, ओरिजिनल म्हणजे काय? इंग्लंडचं म्हणजे ओरिजिनल, असा अर्थ कुठल्या शब्दकोशात आहे? गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर जे होतं ते ओरिजिनल. नानाकाकांची गाडी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून आलेली नाही. ती मद्रासजवळच्या वंडलूरच्या कारखान्यातली. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४८ची, आणि १९६१पासून तिथे हेरल्ड बनू लागली. तिकडे तीच गाडी १९५९पासून ट्रायम्फ हेरल्ड म्हणून विकली जात होती, आपल्याकडे ती पहिल्यापासून स्टँडर्ड. तिच्या अंगावर ट्रायम्फ कधी नव्हतंच, मग तुम्ही परत काय आणताय?

आणि नाव मोठं कुणाचं म्हणाल, तर ट्रायम्फ ही कंपनी बुडीत निघाल्यावर १९४४ साली तिला विकत घेतलं ते स्टँडर्डनेच! पुढे ट्रायम्फ हे नाव जास्त खपायला लागलं म्हणून १९६३ साली इंग्लंडात स्टँडर्ड नावाच्या गाड्या बंद झाल्या. ज्यांचं नाव होतं त्यांनी ते टाकून दिलं, आणि मद्रासने मात्र पुढे चालवलं. १९७१पर्यंत हेरल्ड, मग गझेल, आणि १९८५ला ती मोठी स्टँडर्ड २०००. म्हणजे १९६६ साली नव्या कोऱ्या गाडीवर 'स्टँडर्ड' बघायचं तर ते इंग्लंडात मिळत नव्हतं, आपल्या पडवीतल्या गाडीवर मिळत होतं. तेच तुम्ही पान्याने उचकटायला निघालात.

यावर धाकट्याचा युक्तिवाद असा की डिझाइन तर ट्रायम्फचंच ना. बरोबर. मिकेलॉत्ती या इटालियन माणसाने आकार दिला, हेही लिहा मग बोनेटवर! पण ही गाडी केलीच होती अशी की परदेशातही जोडता यावी. चॅसी वेगळी, बॉडीचे तुकडे वेगळे, सगळं बोल्टांनी जोडायचं. आणि आपल्या लोकांनी नुसती जोडली नाही, पुढे तिला चार दारं दिली. चार दारांची हेरल्ड सलून इंग्लंडात कधी निघालीच नाही.

या सगळ्यामागे एक रोग आहे, त्याची लक्षणं आमच्या भागात जास्त दिसतात. मनसर आणि कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी १९६२पर्यंत इंग्रज कंपनीच्या होत्या, त्यामुळे रामटेकात जुनी गाडी दिसली की ती कुठल्यातरी खाणसाहेबाची असते. निदान सांगणारा तसं सांगतो. कुणी हिशोबनीसाने, मास्तराने नंबर लावून, पैसे साठवून घेतली असेल हे सांगण्यात मजा नाही ना. नानाकाकांनी मात्र तशीच घेतली होती. साहेबाचा मोनोग्राम लावला की त्यांचे हप्ते पुसले जातात. (पद्मिनीवर 'फियाट' चिकटवणारेही याच जातीचे. १९७४पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याची गाडी आहे, त्यात लाजायचं काय?)

खऱ्या इंग्रजी स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहेत. एमजीचा तो अष्टकोनी चॉकलेटी-क्रीम मोनोग्राम घ्या. जुना असेल तर तांब्यापितळेवर काचेची पूड वितळवून केलेलं मिन्याचं काम असतं, आपल्याकडच्या दागिन्यांवर असतं तसं. भट्टीचं तापमान आठशे अंशांच्या आसपास. हाताला गार लागतो, नखाने ओरखडा उठत नाही, फुटला तर काचेसारखा टवका निघतो. नकली असेल तर वर रेझिनचा फुगीर थर, बोटाला कोमट, काही वर्षांत पिवळा. मग मागची बाजू बघायची. बर्मिंगहॅमच्या फत्तोरिनी किंवा गाँटसारख्या बिल्लेवाल्यांचा ठसा असला तर नशीब. साठच्या दशकातली नावं बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव, वर क्रोम. त्यावर आतून बारीक पुटकुळ्या येतात. लोक त्यांना नाक मुरडतात, पण वयाचा त्याहून सरळ पुरावा कुठला?

आणि एवढं करूनही जाणकार मोनोग्रामवर विश्वास ठेवत नाहीत, कारण मोनोग्राम विकत मिळतो! ते बघतात पत्र्यातली भोकं. मूळ भोकं किती, बुजवलेली किती, मागून नवी पाडलेली किती. आता हिशोब करा. रोमन लिपीत स्टँडर्डची अक्षरं आठ, ट्रायम्फची सात. म्हणजे जुनी भोकं पुट्टीने बुजवा, नवी पाडा, वर रंग मारा. पन्नाससाठ वर्षं जे बोनेट कुणी छेडलं नाही, ते एका दुपारी खोटं करून ठेवा.

आमचा इथला मिस्त्री कमी बोलतो. अक्षरं हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "मद्रासची गाडी आहे बाप्पा, हिले इंग्लंडचं कुंकू काहून लावता?" माझं एवढं लांबण त्याने एका ओळीत संपवलं.

'गाडी आपली, आपण काहीही लावू' हे मला मान्य आहे, पण मग ओरिजिनल हा शब्द वापरू नका. हौस म्हणा. हौसेला कुणाची ना नाही.

राहता राहिलं व्हिंटेज नोंदणीचं, ज्याची सगळ्यांना घाई आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपात हवी. नव्या नोंदणीचे वीस हजार, नंतरच्या फेरनोंदणीचे पाच हजार, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं. भर चॅसी, बॉडी आणि इंजिनावर आहे, मोनोग्रामसाठी अर्ज कुणी फेटाळेल असं मी म्हणत नाही. पण तपासणीला आलेल्या माणसासमोर कागद एक बोलतोय आणि बोनेट दुसरंच, हे तुम्हाला शोभेल का?

जुनी अक्षरं मी कोमट पाण्याने, साबणाने धुऊन ठेवली आहेत. क्रोमवाल्याकडे देणार नाही, पुटकुळ्यांसकट परत लावणार आहे. आठही अक्षरं शाबूत आहेत, शेवटून दुसऱ्याची एक खुंटी तेवढी तुटली आहे, ती मिस्त्री डाखून देतो म्हणालाय. आरसी बुक काकूंच्या कपाटात आहे. बनवणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात काय लिहिलंय ते दिवाळीला याल तेव्हा स्वतःच वाचा.