स्वर गोंधळ्याचा, हक्क कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे गोंधळी-आराध्यांच्या परंपरेचे माहेर. संबळाच्या नादावर पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या गेलेल्या पारंपरिक गीतांचा कर्ता अज्ञात. म्हणून ती कोणा एकाची मालमत्ता नव्हेत. परंतु तीच गीते ध्वनिमुद्रित होताच १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये मुद्रणाचा हक्क निर्मात्याचा होतो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. निरनिराळ्या मुद्रणांतून गाणी निवडून संकलन विकायचे, तर प्रत्येक हक्कधारकाची अनुमती हवी. मग ती देवीची गाणी का असेनात! धार्मिक विधीत मुद्रण वाजविण्यास कलम ५२ सूट देते, पेनड्राइव्ह भरून विकण्यास नव्हे.

या व्यवहारात प्रत्यक्ष गाणारा गोंधळी मात्र विस्मृतीत जातो. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला व्यावसायिक वापरावरील स्वामित्वधनाचा आणि नामनिर्देशाचा अधिकार दिला आहे. पण करारच नसेल, तर तो सिद्ध कसा व्हावा? कोऱ्या कागदावरील अंगठा हा काही करार नव्हे. भक्तिगीतांची संकलने काढणाऱ्यांनी प्रथम गायकाशी मराठीत लेखी करार करावा, तो त्याला वाचून दाखवावा आणि मुखपृष्ठावर देवीच्या चित्राखाली त्याचे नाव छापावे.